मधला खांब कोणी नेला?

“टेकडीवरचे ते कुटुंब मधल्या खांबासकट सगळे घर गाडीत घालून सुरतेस गेले, गावाशी त्यांचा संबंध तेथेच संपला.”

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मास्तरांनी गावाच्या हकिकतीच्या वहीत असे लिहिले आणि रविवारी प्रार्थनेनंतर वाचून दाखविले. त्यावरून पंचांनी ठरविले की आजोबांच्या कबरीशेजारी मला जागा नाही. मी म्हातारा झालो आहे, मुका झालेलो नाही.

आमच्या डोंगरात कायमचे गाव सोडणारा माणूस घराचा मधला सागवानी खांब उपटून बरोबर नेतो व नवे घर त्याच्याभोवती उभारतो. परत येणारा तो उभा ठेवतो. हे मास्तरांनाही ठाऊक आहे; म्हणून तर त्यांनी खांबाचा उल्लेख मुद्दाम केला.

दोन वर्षे भात आणि नागली हाती लागली नाही, तेव्हा आम्ही निघालो. माझे लग्न नुकतेच झाले होते. वडिलांनी कौले उतरविली, जाते गाडीत ठेविले. नवापूरचा गाडीवान खांबाला थाप मारून म्हणाला, “दाजी, इतलं चांगलं सागनं लाकूड सोडी ऱ्हायना? सुरतमा लगेच इकाई जाई!”

वडील एरवी चेष्टेला चेष्टेने उत्तर देत. त्या दिवशी इतकेच म्हणाले, “ऱ्हाऊ दे. आमले परत येवानं शे.” प्रत्येक अपत्याच्या जन्मी त्यांनी त्या खांबावर कुऱ्हाडीने एक खाच पाडली होती. पाचही खाचांवरून त्यांनी हात फिरविला आणि मग ते गाडीत बसले.

सुरतेस रेल्वेच्या गँगमध्ये आम्हां दोघांना काम मिळाले. क्वार्टर पक्के होते, पण त्याला मधला खांब नव्हता, आई बरेच दिवस विचारी, “टेकायचे कशाला?” वडील ड्यूटीवर असतानाच वारले. परत येणे त्यांच्या हातून राहिले. त्यानंतर मीही आलो नाही; ड्यूटी, मुले, पेन्शन, असे करता करता आयुष्य सरले. हा दोष माझा आहे आणि तो वहीत खुशाल लिहावा. वडिलांच्या नावावर तो घालू नये.

मास्तरांवर माझा राग नाही. आम्ही गेलो तेव्हा ते जन्मले नव्हते. त्यांच्या आत्याने सांगितले ते त्यांनी लिहिले. आता म्हातारपणी मी परतलो तेव्हा “या, सुरतवाले पाव्हणे!” म्हणून पहिला चहाही त्यांनीच पाजला. तो मी प्यालो, पण पाव्हणा हा शब्द मला गिळता आला नाही. सुरतेच्या क्वार्टरात मी पाव्हणाच होतो. येथेही तोच ठरलो, तर मग मी राहिलो कोठे?

म्हणून पंचांनी वही मिटावी आणि देवळाच्या अंगणात यावे. मयताला जी घंटा वाजते, ती एका जुन्या सागवानी खांबावर टांगलेली आहे. दोर बाजूला सारून त्यांनी हात फिरवावा. खाचा पाच आहेत, चौथी माझी.