चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

परदेशात, शुगर लँडला माझ्या शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्याला माझी स्टीलची काडतुसं बघवत नसत. शनिवारी सकाळी तो मला त्याच्या पिकअपमधून शहराबाहेरच्या शूटिंग रेंजवर न्यायचा. मी खोका उघडला की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. "पितळ वापर," म्हणायचा. बार उडाला की काडतुसाची पितळी पुंगळी, म्हणजे बाहेरचं कवच, फुगून बंदुकीच्या नळीला घट्ट बसते आणि लगेच आक्रसून अलगद बाहेर येते. स्टील तेवढं आक्रसत नाही, मग मागे काजळी शिरते, एखादी पुंगळी अडकून बसते. माझी अडकायचीच. तो ती खटपट करून काढून द्यायचा आणि मी दुसरीकडे बघायचे. मी मेकॅनिकल इंजिनिअर, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण कोणी शिकवायला लागलं की मी मुद्दाम उलटं करते. स्वभावच मेला तसा.

त्याच्या पितळी पुंगळ्या तो जपून घरी न्यायचा. त्यांत पुन्हा दारू भरून, नवी गोळी बसवून वापरायचा. माझ्या स्टीलच्या म्हणजे एकदा उडाल्या की कचरा.

२००६ साली आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून उभी राहिलेली बाई, तिला इथे बसवेना. भांडी मशीन धुतं, कपडे मशीन धुतं, आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. तिसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "मी काय शोकेसमधली बाहुली आहे का गं? माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे."

चार वर्षं मी त्या घरात एकटी राहत होते. ऑफिसमधून आल्यावर कुणीतरी "आलीस का?" म्हणतंय, याची मला केवढी सवय लागली होती! "बघते," म्हणाले आणि तिकिटाचं नावच काढलं नाही.

त्या शनिवारी रेंजवर ऊन मी म्हणत होतं. कंटाळा करून मी त्याच्या पितळी आणि माझ्या स्टीलच्या पुंगळ्या एकाच पिशवीत भरल्या. घरी लोहचुंबक फिरवून वेगळ्या करते, असं त्याला सांगितलं आणि पिशवी गॅरेजमध्ये टाकून विसरले.

आईला ती सापडली. बुद्धांची छोटी पितळी मूर्ती ती सोबत घेऊन आली होती आणि दर रविवारी चिंच-मीठ लावून लखलखीत करायची. काळवंडलेलं पितळ दिसल्यावर तिचे हात कुठले थांबतात! सगळ्या पुंगळ्या तिने चिंच-मिठाच्या पाण्यात भिजत घातल्या आणि दोन दिवसांनी एकेक घासली.

"बघ बरं, कशा निघाल्या!" तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज होतं. पुंगळ्या गुलाबी पडल्या होत्या. आंबटात जस्त सुटून पितळ ठिसूळ झालं होतं, वर माझ्या स्टीलच्या पुंगळ्यांवरही तांब्याचा रंग चढला होता. मी "मस्त," म्हणाले.

म्हाताऱ्याला मात्र खरं सांगावं लागलं. त्याने पकडीने एक पुंगळी दाबली, तिचं तोंड तडकलं. वर्षानुवर्षं त्याच्या बंदुकीच्या मापाला बसलेल्या पुंगळ्या होत्या त्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. "बरोबर झालं का, विचार त्यांना."

तो इंग्रजीत मला म्हणाला, "खरं सांग तिला. लहान मूल नाही ती."

"फार छान झालंय म्हणतात," मी मराठीत सांगितलं.

आई हसली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तडकलेली पुंगळी खिशात टाकली. पुढच्या शनिवारी त्याने स्वतःच तिच्या हातात एक पिशवी दिली. मग दर शनिवारी द्यायला लागला. रेंजवरचा टाकाऊ माल होता सगळा, तडकलेला, वाकलेला, भलत्याच मापांचा. आई अंगणात बसून घासायची, तो कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसायचा. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नसे. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही आणि आपण कसं जमवलं, म्हणून मी मनात खूश होते.

सहा महिने भरले. बॅग भरता भरता आई म्हणाली, "त्या बिचाऱ्याला सांग, आता भंगार गोळा करू नका म्हणावं."

मी चमकले. "तुला माहीत होतं?"

"जन्मभर पितळ घासलंय मी. चिरलेल्या पुंगळीत कोणी दारू भरतं का?"

"मग घासत काहून बसलीस इतके महिने?"

"दारात आलीस की आधी माझ्या चपला आहेत की नाही ते बघायचीस तू," आई म्हणाली. "मग कशी जाणार होते मी?"