नवा लॅपटॉप धुतला तेव्हा

नवी वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही, या माझ्या खोडीपायी मी एकदा थोरल्या जाऊबाईंची सगळी लग्नगीतं पुसून टाकली. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. बोईसरच्या कारखान्याच्या ऑफिसात उभा जन्म काढल्यामुळे कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, असा त्या त्रेसष्टीच्या बाईचा, म्हणजे माझाच, समज होता. केळव्यात आमच्या आळीत कुणाचा प्रिंटर अडला तरी ही पदर खोचून निघायची.

लॅपटॉप बोईसरहूनच आणला, दुकानातला सगळ्यात स्वस्त. पहिल्यांदा चालू केला आणि चहाचं आधण ठेवलं. चहा झाला, पिऊन झाला, कप विसळून झाले, तरी पडद्यावर ते चक्र फिरतंच आहे. दोन आठवडे कळ काढली आणि दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "माताजी, मशीन छोटी है, सिस्टम भारी है. लिनक्स डालो, हलका है, फ्री है. बस, पहले अपना सामान निकाल लेना."

"नव्या मशीनमध्ये कसलं आलंय सामान?" मी म्हटलं.

आमच्याकडे नवा तवा आला की आधी राखेने घासायचा, नवं मडकं पाण्यात बुडवून ठेवायचं. दुकानाचा वास गेला पाहिजे. तोच न्याय मी लॅपटॉपला लावला. दुकानदाराने दिलेला लिनक्सचा पेन ड्राइव्ह जोडला, सगळं रीतसर चाललं होतं. मग लॅपटॉपने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू, की जुनं राहू देऊन नवी सिस्टीम शेजारी घालू? शेजारी कशाला, भाडेकरू ठेवायचाय का, असं मी मोठ्याने म्हटलं आणि पुसायला सांगितलं. त्याने पुन्हा खात्री करून घेतली. मला रागच आला. ऑफिसात मला दोनदा विचारायची कुणाची टाप नव्हती.

अर्ध्या तासात काम झालं. लॅपटॉप असा चटकन उठायला लागला, जसं कुणी चिमटा काढलाय. दोन दिवस मी येईल जाईल त्याला तो चालू करून दाखवत होते.

तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, मोठ्या आईंची गाणी लावता का? माझ्या माहेरी ऐकवायचीत."

महिन्यापूर्वीच जाऊबाईंच्या नातीचं लग्न झालं होतं. हळद दळताना त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गाणी म्हटली. आळीत ती पूर्ण येणारी त्यांच्याशिवाय कुणी उरली नव्हती. सुनेने जात्याजवळ फोन धरून ती भरून घेतली. पुढे फोनमधली जागा संपली, म्हणून गाणी माझ्या लॅपटॉपवर टाकली आणि फोनवरून काढली. मला सांगितलंही होतं. मी त्या फिरत्या चक्राकडे बघत "हं" म्हटलं होतं.

पुसलेलं परत मिळतं का बघायला दुकानदाराने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला. गाण्यांचे चार तुकडे निघाले. तिनांत नुसती जात्याची घरघर. चौथ्यात माझा आवाज होता, "अगं, जेवणाची पानं कधी मांडणार?"

जाऊबाई शेजारच्या ओट्यावर विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होत्या. मी झालं ते सांगितलं. त्या हसल्या.

"परत एकदा म्हणा ना, ताई. या वेळी नीट ठेवीन."

"लगीन नाय, मांडव नाय, नि हळद कोणाची गाऊ?" त्या म्हणाल्या. "उगाच गायलं तर घराला बरं नसतं. माज्या नातवाच्या लग्नात गाईन. तवर तुजं यंत्र धुऊन ठेव."

रीत मोडा असं मी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं.

नातवाचं जमायला चार वर्षं गेली. हळदीच्या दिवशी मी दोन फोन चार्ज करून जात्याशी बसले, सुनेलाही तिसरा धरायला लावला. जाऊबाईंनी पहिली ओळ उचलली. आवाज बारीक झाला होता, पण त्यांचाच होता. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच थांबल्या. बायका उगाचच मांडवाकडे बघायला लागल्या.

आळीतल्या प्रत्येक हळदीला मी त्यांच्या शेजारी बसलेली. हात जात्यावर आणि डोक्यात सोमवारी कारखान्यातून जायचा माल. त्या गाण्यांतली एक ओळही मला येत नव्हती, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी जात्याचा खुंटा सोडून माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू हायेस ना शेजारी, चाळीस वर्सं. पुढची ओळ तेवढी सांग, मंग मला येल सगळं."