खिचडीपुरतं नाव

नोकरीतल्या बहुतेक केसेस मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच ठेवून आलो. खून, दरोडे, जमिनीच्या भानगडी, कशाचीही आता आठवण होत नाही. पण एका केसमध्ये रक्ताचा थेंब सांडला नव्हता, कुणाचं काही चोरीला गेलं नव्हतं, आणि तीच काही पाठ सोडत नाही. कुकरमधून मुगाच्या खिचडीचा वास आला की मी अजूनही स्वयंपाकघरातून उठून बाहेर जातो. बायकोने आता कारण विचारणं सोडलं आहे.

या हकीकतीत मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. फक्त दोन लहान मुलींना नावं द्यावी लागतील, कारण त्याशिवाय ती सांगताच येत नाही. दोन्ही नावं बदललेली आहेत. एकीला दुर्गा म्हणू, दुसरीला आरोही.

मी तेव्हा पनवेल परिसरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. विचुंब्याच्या बाजूला एक जुनं आगरी गाव आमच्या हद्दीत यायचं. भातशेती गेली, तिच्या जागी टॉवर आले आणि गाव टॉवरांच्या सावलीत राहिलं. बांधकामावरचे मजूर गावाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहत. देवळामागे सरकारी अंगणवाडी होती. एक खोली, भिंतीवर रंगवलेला हत्ती, सकाळी गाणी आणि दुपारी गरम खिचडी, सगळं फुकट. टॉवरमधली मुलं पिवळ्या बसने नर्सरीत जात. अंगणवाडीत येत ती गावातली आणि भाडेकऱ्यांची मुलं.

एका संध्याकाळी एक बाई ठाण्यात आली. सिमेंटने पाय पांढरे झालेले, तोंडचं पाणी पळालेलं. मराठवाड्यातून कामाला आलेली मजूर, नवरा सोडून गेलेला. तिची चार वर्षांची मुलगी दुर्गा सापडत नव्हती.

"सकाळी अंगणवाडीच्या दारात सोडलं, सायेब. रोज तिथंच सोडती. सांजच्याला अंगणवाडीच्या बाईंच्या ओट्यावर बसलेली असती. आज ओटा मोकळाच."

अल्पवयीन मूल हरवलं की अपहरणाचाच गुन्हा नोंदवावा लागतो, मग ते मूल शेजारच्या घरात झोपलेलं का असेना. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली, आम्ही बिनतारी संदेश दिला, रेल्वे पोलिसांना आणि एसटी स्टँडला कळवलं, आणि मी गावात गेलो.

अंगणवाडी सेविका खोलीला लागूनच राहायची. गावचीच सून, चाळिशीची, सगळी मुलं तिला बाई म्हणत. ती म्हणाली, "दुर्गा नावाची मुलगी माझ्याकडे नाहीच, साहेब. तुम्ही कुणालाही विचारा."

आम्ही विचारलं. आसपासच्या आयांनी, पोरांनी, किराणावाल्याने, सगळ्यांनी माना हलवल्या. दुर्गा कुणाच्याच ऐकण्यात नव्हती. आईचा फोन बटणांचा, त्यात फोटो नाही. साइटवरच्या मुकादमाच्या मोबाइलमध्ये एक होता, पण तो मोबाइलसकट दुसऱ्या साइटवर गेलेला, फोन बंद.

अशा वेळी पोलीस आधी आईवर संशय घेतो. वाचायला वाईट वाटेल, पण घेतो, कारण अनुभव तसा असतो. पोर विकली का, कुणाच्या हवाली केली का, बरंवाईट झालं ते लपवतेय का, हे सगळं तिला विचारावं लागलं. ती रडली नाही. "अंगणवाडीत जात नसंल, तर तिच्या हाताला रोज खिचडीचा वास कसा येतो, सायेब?" एवढंच तिने उलट विचारलं. आत कधी गेलीस का, या प्रश्नावर ती नाही म्हणाली. बाईंनीच सांगितलं होतं, पोरीला दारात सोडायचं आणि जायचं, आत यायचं नाही.

तोवर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलं पळवणारी टोळी येऊन गेली होती. आमच्याकडे माहिती पोहोचायच्या आत त्या टोळीचे कपडे, गाडी आणि भाषा ठरलेली होती. फुगे विकणाऱ्या एका गरीब माणसाला चार कानाखाली बसल्या. त्याला सोडवून ठाण्यात आणून बसवला, चहा पाजला. लोकांना काळजी वाटली की हात मारायला आधी पुढे येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

खबर आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मासळीच्या पाटीतून आली. एक कोळीण त्या गावात दारोदार मासळी विकायची. पाटी पायरीवर ठेवून ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सायब, देवलासमोरचे म्हातारीनं आज कोलंबी घेतली. मना सांगते, सोलून दे, घरान पोर हाय."

"मग? नात आली असेल."

"आरोही? ती कशी येल? पोरगा रस्त्यान गारीखाली मेला, सून पोरीला घेऊन म्हायेरा गेली, उरनला. आता दुसरा घर केलाय तिनं. म्हातारीला तोंड पन बघू देत नाय. मंग ही कोलंबी कोनासाठी?"

कोळणीला गावातल्या प्रत्येक घरात खाणारी तोंडं किती आणि कुणाला काटा चालत नाही हे ठाऊक असतं. तरीही मी लगेच म्हातारीच्या घरी धडकलो नाही. एका बाईच्या पाटीवरच्या बोलण्यावरून गावच्या वडीलधाऱ्या म्हातारीचं दार ठोकलं असतं, तर अर्धं गाव तिथे गोळा झालं असतं. आदल्या दिवशीची मारहाण ताजी होती. तेवढ्यात मुकादमाचा फोटो आला. खंडेनवमीला साइटवर मशीनची पूजा झाली, तेव्हाचा. मिक्सरला झेंडूची माळ आणि शेजारी दात काढून हसणारी दुर्गा.

साध्या कपड्यांत, महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी अंगणवाडीत गेलो. मुलं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. मी खाली मांडी घातली आणि मोबाइल पुढे धरला. "ही कोण, सांगा बरं?"

सगळी पोरं एका आवाजात ओरडली, "आरोही!"

माझ्या नोकरीत मी पट्टीच्या गुन्हेगारांची चौकशी केली आहे. एवढं झटपट आणि एवढं खरं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. एक नाक वाहणारा पोरगा पुढे म्हणाला, "ती आज नाय आली. आजीकरं हाय." मी मान वर केली तर बाईच्या हातातला डाव खिचडीत तसाच उभा राहिला होता.

तिला मी आतल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात नेलं. आवाज चढवावा लागला नाही. ती पिंपाला टेकून खाली बसली आणि बोलत गेली.

आरोही गाव सोडून गेली तेव्हा हजेरीतून तिचं नाव काढायला हवं होतं. पण म्हातारी रोज येऊन पायरीवर बसायची. हजेरी चालू झाली की कान देऊन ऐकायची. आरोहीचं नाव घेतलं की तिच्या जिवाला बरं वाटायचं. "नाव नको काढू, पोरी," म्हणून तिने बाईचे हात धरले. बाईला दया आली. नाव राहिलं. त्याच सुमारास मजुरांची एक मुलगी रोज दारात येऊन उभी राहू लागली, दुसऱ्यांच्या ताटल्यांकडे बघत. तिचं आधार कार्ड नव्हतं. बाईला वाटलं, आधारशिवाय नाव घालता येत नाही. एकीकडे नाव होतं आणि मूल नव्हतं, दुसरीकडे मूल होतं आणि नाव नव्हतं.

"मग मी तिला आरोहीच्या जागी बसवली, साहेब. हजेरीला उठून बोलायला शिकवलं. चार दिवसांत शिकली. घरी सांगू नको म्हणून पण शिकवलं." ती पदर तोंडाला लावून रडू लागली. "चोरी करायची होती का मला? पोर उपाशी बघवेना."

दुपारनंतर मुलीला बघायला कुणी नव्हतं, म्हणून म्हातारी तिला घरी न्यायची. न्हाऊ घालायची, भरवायची आणि संध्याकाळी बाईच्या ओट्यावर आणून सोडायची. त्या दिवशी बाई पनवेलला बैठकीला गेली होती. परत आली तर म्हातारी म्हणाली, पोरीला ओट्यावर सोडली होती, तिची आई घेऊन गेली असेल. आणि थोड्या वेळाने आईच दारात उभी राहिली, तेव्हा बाईची बोबडी वळली. खोटी हजेरी उघडी पडेल, नोकरी जाईल, म्हणून तिने मुलीलाच नाकारलं. तिला वाटत होतं, पोर साइटच्या वाटेवर कुठेतरी चुकली असणार.

"म्हातारी खोटं का बोलली असेल?" मी विचारलं.

बाईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "मीच त्यांना सांगितलं होतं. मजुरांची टोळी आता कर्जतकडे हलणार म्हणून."

म्हातारीचं घर तीन मजल्यांचं होतं. जमिनीच्या पैशातून मुलाने बांधलेलं. त्याचा हार घातलेला फोटो दारासमोरच होता. दार तिने स्वतः उघडलं, न घाबरता. आत दुर्गा नवा फ्रॉक घालून, गालाला पावडर लावून जमिनीवर बसली होती. पुढ्यात कोलंबी आणि भात. मुलगी धडधाकट आहे हे पाहून माझा जीव भांड्यात पडला. महिला हवालदाराने तिला उचललं तर ती आधी ताटाकडे बघू लागली, मग म्हातारीकडे.

मी म्हातारीला म्हणालो, "आजी, दुसऱ्याची पोर तुम्ही लपवून ठेवलीत. तिची आई वेडीपिशी झालीय."

ती शांतपणे म्हणाली, "कोनाची पोर? बाई रोज हाका मारतं, आरोही. ही बोलतं, हजर. सरकारचा जेवन आरोहीच्या नावानं येतं आनि ही खातं. तुमचाच सरकार सांगतं का ही आरोही हाय. मंग मी कोनाची पोर पलवली?"

कायद्यात याला उत्तर आहे. मी ते तिला दिलं नाही. "चला आजी," एवढंच म्हणालो. तिने ताट झाकून ठेवलं. नीट, वर झाकण बसवून, जणू पोर परत येऊन जेवणार आहे.

ठाण्यात आईला आणून बसवलं होतं. तिने लेकीला पोटाशी धरलं आणि मग कुठे तिला रडू फुटलं. मुलीला वैद्यकीय तपासणीला आणि नंतर बालकल्याण समितीपुढे न्यायचं होतं. त्याआधी काही खावं म्हणून महिला हवालदाराने बिस्किटाचा पुडा फोडला, एक पुढे धरलं आणि सवयीने लाडात विचारलं, "नाव काय गं तुझं, बाळा?"

मुलगी आईच्या मांडीवरून उतरली. सरळ उभी राहिली. हात पाठीमागे बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आरोही, हजर."

आई बघतच राहिली. "दुर्गे," ती म्हणाली, "दुर्गे, आगं तुझं नाव सांग की. मी हाय ना हितं."

मुलीने आईकडे पाहिलं. मग बिस्किटाकडे पाहिलं. तिला दोन्ही हवी होती आणि कुठल्या नावाला काय मिळतं हे तिला पक्कं माहीत होतं. ती हळूच, जवळजवळ कानात सांगावं तशी पुन्हा म्हणाली, "आरोही."

महिला हवालदार पुडा तिच्या हातात कोंबून बाहेर निघून गेली. मी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. समितीने मुलगी आईच्या ताब्यात दिली. म्हातारीवर गुन्हा होताच. अटक दाखवून तिला जामीन दिला, दोषारोपपत्रही आम्हीच पाठवलं. जामिनाच्या कागदावर अंगठा देताना तिने खटल्याचं काही विचारलं नाही. तिने विचारलं, "आता हजेरीतशी आरोहीचा नाव काडतील?" मी हो म्हणालो. ती उठली आणि भिंतीला धरून बाहेर गेली. तिच्या गावात तिच्या नातीची तेवढीच एक खूण उरली होती आणि ती माझ्या तपासाने पुसली.

सेविकेला कामावरून कमी केलं. तिच्या कार्यालयातल्या अधिकारी बाईंना मी भेटायला गेलो, काही करता येईल का बघायला. त्या भल्या होत्या. पण त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली आणि मी खुर्चीतच खचलो. मुलीला आधार नसलं तरी चालतं, म्हणाल्या. आईच्या आधारवर तिचं नाव घालता आलं असतं. पहिल्याच दिवशी, तिच्या स्वतःच्या नावाने. आईचं आधार कार्ड पत्र्याच्या खोलीत पेटीत ठेवलेलं होतं. ते तिला कुणी मागितलंच नव्हतं, कारण तिला दाराच्या आतच घेतलं नव्हतं.

या केसमध्ये मला शेवटपर्यंत गुन्हेगार सापडला नाही. आरोपी सापडली, कलम लागलं, तपास पूर्ण झाला, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पण ज्याच्यावर राग काढावा असं माणूस मला त्यात दिसलं नाही, आणि म्हणूनच तो राग अजून माझ्याकडेच पडून आहे. एकीने नातीचं नाव जपलं, दुसरीने भुकेल्या पोरीला वाढलं, आणि या सगळ्या मायेत दुर्गाला मात्र कुणी दुर्गा म्हणून हाक मारली नाही.

मजुरांची टोळी कर्जतकडे गेली. नव्या साइटजवळच्या अंगणवाडीत दुर्गाचं नाव घालावं म्हणून मी त्या भागातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन केला होता. त्याने घातल्याचं कळवलं. तिथे हजेरीला ती कुठल्या नावाने उठते, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता संध्याकाळी मी कामोठ्याच्या बागेत फिरायला जातो. खिशात गोळ्या असतात, पोरं ओळखतात, धावत येतात. बरोबरचे निवृत्त मित्र गोळी पुढे धरतात आणि नाव विचारतात, सगळेच विचारतात. मी आधी गोळी देतो. नाव विचारत नाही.