माझ्या आतड्यातली हिरवी चौकट

कांदिवलीच्या एका इस्पितळात मी, अनंत परब, अठरा वर्षं दुर्बिणीच्या खोलीत टेक्निशियन आहे. आमची दुर्बीण आकाशाकडे लावायची नव्हे, खालून आत घालायची. डॉक्टर ती चालवतात. मी पेशंटला कुशीवर वळवतो, आत पाणी मारतो आणि न विचारता मत देतो.

गेल्या वर्षी नवा कॅमेरा आला. त्याच्या निळ्या उजेडात आतड्याच्या बारीक शिराही दिसतात आणि संशयाची जागा आली की संगणक पडद्यावर हिरवी चौकट काढतो. पहिल्याच आठवड्यात त्याने टोमॅटोच्या बिया, बुडबुडे, चिकटलेला मळ, सगळ्यांना चौकटी बहाल केल्या. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "मॅडम, मळ आहे, पुढे चला," हे मी दिवसातून दहादा म्हणू लागलो. डॉ. सई माझ्या मुलीच्या वयाच्या. बहुतेकदा धुऊन बघत, पण रांग मोठी असली की माझं ऐकत. आपण यंत्राला हरवतोय, या थाटात मी घरी जायचो.

मग देवगडला भाऊरावदादाचं अर्धं आतडं कापावं लागलं. सख्ख्या भावाला कॅन्सर म्हटल्यावर माझीही दुर्बिणीची तपासणी व्हावी म्हणून डॉ. सई माझ्या मागे लागल्या. मी तीन महिने टाळलं. रोज दुसऱ्यांना "काका, लाजायचं काय त्यात?" म्हणणारा मी! शेवटी बायको रुक्मिणी म्हणाली, "लोकांची आतडी बघतास, मगे स्वतःची दाखवक लाज कित्याक?" तपासणीच्या आदल्या दिवशी तिने कोकम सरबताची बाटली शेजारी ठेवायला दिली. आत लाल रंग उतरला की रक्तासारखा दिसतो, हे मीच तिला शिकवलं होतं. माझ्यावर मात्र तिचा भरवसा नव्हता.

भूल नको म्हणालो. पडदा बघायचा होता ना! माझं आतडं दिसलं आणि, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. झकास स्वच्छ! तेवढ्यात आतड्याच्या एका घडीवर हिरवी चौकट उमटली.

"मळ आहे मॅडम, पुढे चला," मी टेबलावर आडवा पडल्या पडल्या म्हणालो.

"काका, आज तुम्ही पेशंट आहात. गप्प पडा."

त्यांनी पाणी मारलं. डाग हलला नाही. निळा उजेड लावला, तशा त्यातल्या शिरा वेड्यावाकड्या दिसल्या. अशा शिरा चांगलं लक्षण नसतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तो सपाट डाग तिथल्या तिथे मुळासकट काढला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण अगदी वरच्या थरात, आणि सगळा निघाला होता. मी खुर्चीत बसून पोरासारखा रडलो.

"अहो काका, वाचलात तुम्ही! आता कसलं रडणं?" डॉ. सई म्हणाल्या.

ज्या पेशंटांच्या चौकटींवर मी न धुताच "पुढे चला" म्हटलं होतं, त्यांतला एकही चेहरा मला आठवत नव्हता. मी कधी पडद्यावरून नजर काढून त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं.