पल्लवीचं लायसन्स आणि माझा ओवा

शेजारी कोणी नर्सिंगचा अभ्यास करत असेल तर किस्से गोळा करायला जावं लागत नाही. दुधाच्या पिशवीसारखे सकाळी दारातच येऊन पडलेले असतात. आणि आमच्या समता कॉलोनीत दोन घरांच्या मध्ये भिंत एकच. मी कान लावत नाही, ऐकू येतं.

पल्लवी आमच्या शेजारच्या सुषमाची मुलगी. छत्तीसगड राज्य नवं झालं तशी इथे गल्लोगल्ली नर्सिंग कॉलेजं निघाली, त्यातल्याच एकात शिकलेली. मस्कतच्या दवाखान्यात, हृदयाच्या वॉर्डात, तिची नोकरी ठरली होती. पण तिथलं नर्सिंगचं लायसन्स हवं, आणि त्याला परीक्षा. एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर जागा दुसरीला जाणार. त्यामुळे घरात हार्टशिवाय विषय नाही.

*

एकदा ती मोठ्यानं वाचत होती, बायकांमध्ये हार्ट अटॅकची लक्षणं वेगळी असू शकतात. नुसता थकवा, पाठ दुखणं, जीव घाबरा होणं, झोप न लागणं.

सुषमा पोळ्या लाटत ऐकत होती. म्हणाली, "मग मले तर लग्नापासून येऊनच राहिला."

*

छाती दाबायचा सराव करायला बाहुली कुठून आणणार? तिनं दिवाणावरच्या लोडाला वडिलांचा शर्ट घातला, बटणं लावली आणि वर बसून दाबायला लागली. तेवढ्यात वडील रेल्वेची ड्युटी करून आले. जोडे न काढता दारातच उभे.

"बाप थकून आला तं त्याचे पाय कोणी दाबत नाही," ते म्हणाले, "अन् शर्टाची एवढी सेवा चालू आहे."

*

मग जिवंत पेशंट हवा म्हणून आमच्या ह्यांना नेलं. बेशुद्ध पडून राहायचं, एवढंच काम. पल्लवीनं खांदे थोपटून विचारलं, "काका, ठीक आहे ना?"

"हव," हे म्हणाले.

"काका, तुम्ही बेशुद्ध आहात."

"हव, तू कर तुझं. मी आहो."

मी म्हटलं, कांदा फोडून नाकाशी धर. तळव्यांना तेल चोळ. उशी उंच कर.

"काकू, गर्दी नका करू. पेशंटले हवा लागू द्या."

"गर्दी कुठे? मी एकटीच तं आहो."

"तुम्ही एकट्याच पुरता."

*

नाक्यावरच्या किराणा दुकानाचे देवांगन भैया एक दिवस गल्ल्यावरच घामाघूम झाले. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणाले. मी साबण घ्यायला गेले होते. गॅसच असणार! ओवा आणि काळं मीठ त्यांच्या तोंडात टाकलं. कोणी सोडा फोडला. पल्लवी धावत आली, सोडा हिसकावून घेतला, मला दंडाला धरून दुकानाबाहेर काढलं, भैयांना ॲस्पिरिन चावायला लावली आणि त्यांच्याच मुलाच्या गाडीतून तेलीबांध्याच्या दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅकच होता. स्टेंट पडला.

भैया घरी आले तशी पूर्ण कॉलोनी भेटायला गेली. पल्लवीही आली होती. भैया उशीला टेकून हात जोडत सगळ्यांना सांगत होते, "डॉक्टर तो बाद में आए. मुझे तो काकी की अजवाइन ने बचाया."

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मी भैयांची उशी नीट केली. आजारी माणसाचं मन कशाला मोडायचं?

*

पल्लवी पास झाली, आता मस्कतलाच असते. तोंडी परीक्षेचं तेवढं सांगायचं राहिलं.

ती परीक्षा घरूनच झाली, लॅपटॉपवर. मला त्या दिवशी येऊ नका म्हणून आधीच बजावलं होतं, म्हणून मी खोलीत गेलेच नाही, सुषमाजवळ बाहेर उभी राहिले. दिल्लीकडच्या मॅडम प्रश्न विचारत होत्या. ओठांचा रंग कोणता असला की काळजी करायची, नाडी कुठे बघायची, पोरगी धडाधड सांगत होती. मग मॅडम म्हणाल्या, समजा माणूस कोसळला आहे, भोवती लोक जमलेत. सबसे पहले क्या करोगी?

पल्लवी थांबली. इकडे सुषमानं देवाकडे हात जोडले.

"मैम, पहले पड़ोस वाली काकी को बाहर करूंगी."

 मग मॅडमनी विचारलं, "काकी अभी कमरे में हैं क्या?"

"नहीं मैम. दरवाजे के पीछे हैं."

मी सुषमाला हळूच विचारलं, "कोण उभं आहे वं दारामागे?"