एका नावाच्या दोन ओळी

वाटणी झाली तेव्हा शेड, मशीन, टेम्पो, सगळं दोघा भावांत वाटून झालं. राहिलं ते डोमेन, म्हणजे वडिलांच्या नावानं घेतलेलं आमच्या वेबसाइटचं आणि मेलचं नाव. ते कसं कापणार? मामा म्हणाले, "राहू द्या दोघांचं, विहिरीसारखं." मी शिक्रापुरात राहिलो, दादानं यवतला स्वतःचं सुरू केलं. धंदा एकच, कारखान्यांना माल रचून ठेवायचे लाकडी पॅलेट पुरवायचा. बोलणं मात्र बंद.

पुढं माझे मेल परत यायला लागले. कोटेशन पाठवावं आणि चहा संपायच्या आत ते माघारी यावं. कारखान्याच्या खरेदी खात्यातल्या साहेबांनी फोनवर झापलं ते वेगळंच. त्यात आई डोळे पुसत आली. "दादा म्हनतो, त्याचे मेल तू बंद केले. खरं हाय का रं?" माझं डोकंच फिरलं. मला तर वाटत होतं, हे उद्योग त्याचेच.

परत आलेल्या मेलखालचं इंग्रजी चरफडत वाचलं आणि डोमेनच्या नोंदी उघडल्या. त्या कुणालाही बघता येतात. या नावानं कुठल्या सर्व्हरनं मेल पाठवायचा, हे सांगणारी एक ओळ तिथं असते. आमच्याकडं दोन होत्या. एक जुनी, माझ्या सर्व्हरची. दुसरी दादाच्या माणसानं यवतसाठी वेगळी घातलेली. अशा दोन ओळी दिसल्या की मेल घेणारा समोरचा सर्व्हर त्यातली एकही मानत नाही, दोघांचेही मेल परत पाठवतो. म्हणजे कुणी कुणाचं काही बंद केलंच नव्हतं! मला वेड्यासारखा आनंद झाला. भांडण मिटवायला याहून चांगलं निमित्त कुठून मिळणार होतं?

नोंद बदलायला ओटीपी लागतो आणि तो दादाच्या मोबाइलवर जातो. मी त्याला फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. 

"म्हंजी तू न्हाई केलंस?"

"न्हाई दादा. दोघांचं एकाच ओळीत लिहायचं, झालं."

त्यानं ओटीपी सांगितला. मी दोन्ही सर्व्हर एका ओळीत घातले, दुसरी ओळ काढून टाकली. संध्याकाळी त्याचाच फोन आला. "गेला बरं का मेल." आवाज अगदी पूर्वीचा होता. रविवारी जेवायला ये, एवढं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"ऐक," तो म्हणाला, "मी माझ्या मेलला नवं नाव घेतलंय. महिन्याभरानं माझं त्या ओळीतनं काढून टाक. आन् ओटीपीला तुझाच नंबर टाकून घे. सारखं फोन करायला नको."

"राहिलं तरी काय बिघडत न्हाई, दादा."

"न्हाई, काढ."

महिन्यानं मी त्याचा सर्व्हर त्या ओळीतून काढला. मनातून वाटत होतं, काहीतरी अडेल, पुन्हा मेल परत येतील, मला त्याला फोन करावा लागेल. दिवसभर मी कॉम्प्युटरसमोर बसून होतो. सगळे मेल नीट गेले.