भोईवाड्याचे शंकासूर

आमच्या सरांना खरं ऐकायची ॲलर्जी होती. अशिलाने खुर्चीत टेकता टेकता "साहेब, खरं सांगायचं तर..." असं सुरू केलं, की सर दोन्ही हात वर करत. "ते घरी बायकोला सांग. पोलिसांनी काय लिहिलंय तेवढं मला सांग." अशील बहुतेक वेळा बायकोलाच घाबरलेला असे, त्यामुळे गप्प बसे.

भोईवाडा कोर्टात सर विनयभंगाच्या खटल्यांत आरोपीतर्फे उभे राहत. दुसरी केस क्वचितच. शंकेचा फायदा आरोपीला, हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की पट्टेवाल्यांनी त्यांचं नाव शंकासूर ठेवलं होतं. कोकणातल्या शिमग्यात काळ्या कपड्यांत नाचणाऱ्या संकासुरासारखे ते दिसतही. विटून हिरवट झालेला काळा कोट, मिशांना कलप आणि कलपाचा एक डाग कायम कॉलरवर. मॅजिस्ट्रेटना ते 'माय लॉर्ड' म्हणत. "मी तेवढा मोठा नाही हो," असं त्यांनी कितीदा तरी सांगितलं, पण सरांनी दिलेली बढती परत घेतली नाही.

मी त्यांच्याकडे गेले ती दुसरं कोणी घेईना म्हणून. संप फिसकटल्यावर गिरणी उघडली, पण बाबांना आत घेतलं नाही. त्यातही मी वकील झाले, आणि मग कळलं की गिरणी कामगाराच्या मुलीला बसायला टेबल कोणी देत नाही. सरांनी एकच विचारलं, "असले कागद वाचून मळमळत नाही ना?"

"नाही."

"मळमळेल. बस."

लालबागच्या आमच्या चाळीत गहजब झाला. उत्सव मंडळाचे अध्यक्ष आईला म्हणाले, "मुलीच्या जातीने असल्या माणसाच्या हाताखाली?" तीनच महिन्यांनी त्यांचा भाचा दादरला बसच्या रांगेत एका मुलीला छेडताना पकडला गेला, तेव्हा हेच अध्यक्ष पेढ्यांचा पुडा घेऊन सरांसमोर उभे. सर म्हणाले, "पेढे राहू देत. चाळीत जे बोलता ते तेवढं परत घेऊन जा." भाचा सुटला. अध्यक्ष पुन्हा आम्हाला ओळखेनासे झाले.

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं, वरळी कोळीवाड्यातली ती बाई साक्षीला येईपर्यंत. बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाने भर बाजारात तिचा हात धरून ओढलं होतं. आमचा अशील तो मुकादम. एक साक्षीदार उजवा हात म्हणाला, दुसरा डावा. तेवढ्यावर केस सुटण्यासारखी होती. पण सरांना टाळ्यांची हौस. मागच्या बाकांवर गर्दी बघून त्यांनी विचारलं, "बाई, बाजारात रोज शंभर पुरुषांशी हसून बोलता. मग यांचाच हात कसा खुपला?"

मागे कोणी तरी हसलं. बाई म्हणाली, "हसते ती मासली विकाया. हात विकाया नाय बसले."

मुकादम सुटला. बाहेर पडताना ती माझ्यासमोर थांबली. "तू पन बाईमानूस ना गो?" एवढंच बोलली आणि गेली. मी फाइल सरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, उद्यापासून येणार नाही. सर म्हणाले, "सांगितलं होतं, मळमळेल." त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की नमस्कारही न करता निघाले.

वर्षभराने सर चाळीचे तीन मजले चढून आमच्या दारात आले. मिशा पांढऱ्या, कोट अंगावर टांगल्यासारखा. आईने दिलेलं पाणी पिऊन झाल्यावरही बराच वेळ धापा टाकत होते. मग एक फाइल पुढे केली. संपात नोकरी गेलेला एक माणूस परळला वॉचमन होता. इमारतीतल्या कॉलेजच्या मुलीला जिन्यात कोणी तरी धरलं. पोलिसांनी याला उचललं.

"चौघे वकील नाही म्हणाले," सर म्हणाले. "माझ्याच्याने आता उभं राहवत नाही."

"मीही नाहीच म्हणणार आहे."

ते फाइलच्या नाडीशी चाळा करत राहिले. "तो प्रश्न मी विचारायला नको होता. पण त्याची शिक्षा या माणसाला देऊ नकोस."

कोर्टात ज्यांनी कधी चूक कबूल केली नाही, त्यांनी आईसमोर केली. मी फाइल ठेवून घेतली.

मुलीला मी पाचच प्रश्न विचारले. कपड्यांबद्दल एकही नाही, ती कोणाशी हसते याबद्दलही नाही. चौथ्या प्रश्नावर ती प्रामाणिकपणे म्हणाली, "ओळखपरेडच्या आधीच पोलिसांनी तो मला दाखवला होता. हाच ना, असं विचारलं. मी हो म्हटलं." जिन्यात चेहरा दिसला नव्हता, हेही तिनेच सांगितलं. वॉचमन सुटला. त्याने ते केलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

निकाल ऐकायला सर नव्हते. पंधरा दिवस आधीच गेले. स्मशानात आम्ही सात जण होतो. सोडवलेल्यांपैकी एकही नव्हता.

निकालानंतर त्या मुलीची आई दारातच माझी वाट बघत उभी होती. सर असते तर मागच्या जिन्याने सटकले असते. मी पुढच्या दाराने गेले. तिला जे बोलायचं होतं ते ती बोलली, पार शेवटपर्यंत, आणि मी एकदाही मध्ये तोंड उघडलं नाही.